पेंग्विनला आंघोळ घालताना

दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरासमोर, समुद्रात, रॉबेन नावाचे एक लहानसे बेट आहे. नेल्सन मंडेला यांना त्या बेटावरील तुरुंगात अठरा वर्षे काढावी लागली, त्यामुळे त्याचे नाव तुमच्या कानांवर आले असेल. त्याच्या उत्तरेला डासेन नावाचे दुसरे बेट आहे. या दोन्ही बेटांवर पेंग्विन राहतात. पेंग्विन म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ उभा राहतो. पण हा आफ्रिकी पेंग्विन बर्फाच्या वाटेला जात नाही. सुमारे तीन किलो वजनाचा आणि दोन फूट उंचीचा हा पक्षी वाळूत किंवा झुडपाच्या आडोशाला घरटे करतो आणि बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहात बुड्या मारून मासे पकडतो.

२३ जून २००० रोजी या दोन बेटांच्या दरम्यान ‘ट्रेझर’ नावाचे जहाज बुडाले. ते तेलवाहू जहाज नव्हते. ब्राझीलहून चीनकडे लोहखनिज घेऊन निघालेले ते साधे मालवाहू जहाज होते. पण मोठ्या जहाजाला चालण्यासाठी स्वतःचे इंधन लागतेच, आणि ‘ट्रेझर’च्या टाक्यांत असे सुमारे १३०० टन जाड, काळे तेल होते. ते फुटलेल्या टाक्यांतून पाण्यावर आले आणि आधी रॉबेनच्या, मग डासेनच्या किनाऱ्याला लागले. सुमारे १९,००० पेंग्विन तेलाने माखले. ही बातमी जगभर गेली आणि केपटाउनचे हजारो रहिवासी, तसेच दूरदूरच्या देशांतील प्राणिसंग्रहालयांत व मत्स्यालयांत काम करणारी शंभराहून अधिक माणसे मदतीला धावली.

वन्य प्राण्यांची सुटका आणि शुश्रूषा करण्यासाठी परदेशी जाऊन काम करावे, अशी इच्छा अलीकडे अनेक विद्यार्थी बोलून दाखवतात. इच्छा चांगली आहे. पण तेथे गेल्यावर हातांनी नेमके करायचे काय, आणि ते तसेच का करायचे, हे समजून घेण्यासाठी ‘ट्रेझर’च्या पेंग्विनांइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. शिवाय त्यात पदार्थविज्ञान भरपूर आहे, हा माझ्या दृष्टीने आणखी एक फायदा!

प्रथम एक साधा प्रश्न विचारू. तेल लागल्याने पक्षी मरतो का, आणि कसा? बहुतेकांचे उत्तर येते, “विषबाधा होऊन.” ते खोटे नाही. चोचीने अंग साफ करताना तेल पोटात जाते आणि आतड्याला, यकृताला इजा होते. पण त्याच्याही आधी पक्ष्याला गाठते ती थंडी.

पेंग्विनच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. केपच्या पश्चिम किनाऱ्याचे पाणी पुष्कळदा १० ते १५ अंशांचे असते. पाणी हवेपेक्षा सुमारे चोवीस पटींनी अधिक उष्णता वाहून नेते. स्थिर हवा हा उत्तम उष्णतारोधक आहे, म्हणून तर आपण थंडीत गोधडी पांघरतो. गोधडी स्वतः ऊब देत नाही, तिच्या थरांत अडकलेली हवा देते. पेंग्विनच्या अंगावर दाट पिसांची अशीच गोधडी असते आणि त्याचे वैशिष्ट्य असे की ती घेऊन तो चक्क पाण्यात उतरतो. कातडीखाली चरबी असते, पण मुख्य भिस्त पिसांत कोंडलेल्या हवेवर.

पाण्यात उतरूनही ही गोधडी भिजत कशी नाही? कोंबडीचे एक पीस मिळवा आणि भिंगातून पाहा. मधल्या दांड्याच्या दोन्ही अंगांना बारीक तंतू निघालेले दिसतील. प्रत्येक तंतूला आणखी बारीक उपतंतू असतात आणि त्यांना सूक्ष्म आकडे असतात. एका तंतूचे आकडे शेजारच्या तंतूच्या उपतंतूंत अडकतात. बोटाने पीस विस्कटा आणि मग दांड्यापासून बाहेर हळूच चिमटीत धरून ओढा. फाटलेले पीस पुन्हा सांधले जाईल. पक्षी चोचीने दिवसभर हेच करीत असतो. शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतील मेणचट तेलही तो पिसांना लावतो. पाणी अडवण्याचे श्रेय पूर्वी या तेलालाच दिले जाई, पण जाळीच्या बारीक विणीचा वाटा फार मोठा आहे. कॅसी आणि बॅक्स्टर या दोन शास्त्रज्ञांनी १९४४ साली सच्छिद्र पृष्ठभाग ओले कसे होतात याचे गणित मांडले, तेव्हा बदकाचे पीस त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

त्या गणिताचा गाभा आपल्याला सोप्या शब्दांत मांडता येईल. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो, हे तुम्ही पृष्ठताणाच्या धड्यात वाचले आहे. दोन तंतूंमधल्या फटीवर हा पडदा ताणला जातो आणि पाणी आत शिरू देत नाही. पाणी आत ढकलायला लागणारा दाब पृष्ठताणाच्या सम प्रमाणात आणि फटीच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे पृष्ठताण जास्त आणि फट अरुंद, तर गोधडी कोरडी. (खोल बुडी मारल्यावर पाण्याचा दाब वाढतो, मग तेव्हा काय, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. पिसांतील हवाही तेवढीच दाबली जाते, त्यामुळे आतला व बाहेरचा दाब सारखाच राहतो.)

आता यात जहाजाचे तेल आणा. ते चिकट तेल तंतूंचे झुबके करते, आपले केस तेलाने चप्प बसतात तसे. दोन झुबक्यांमधली फट पूर्वीच्या फटीच्या कितीतरी पट रुंद होते. फट दहापट झाली तर पाणी अडवण्याची शक्ती दहावा हिस्सा उरते. थंड पाणी थेट कातडीला भिडते. तेल साऱ्या अंगाला लागायला हवे असेही नाही. रुपयाएवढा डाग पोटावर पडला तरी गोधडीला तेवढे भोक पडलेच. मग पेंग्विन थंडीने कुडकुडत किनाऱ्यावर येतो. पाण्यात जाता येत नाही म्हणून मासे मिळत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून अंगात ऊब निर्माण होत नाही. तेलाने माखलेला पक्षी मरतो तो पुष्कळदा असा, गारठ्याने आणि उपासाने.

मग तेल धुऊन काढले की झाले! इतके सोपे मात्र ते नाही. एक प्रयोग करून पाहा. कोंबडीची तीन पिसे घ्या. पहिल्यावर ड्रॉपरने पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा गोल राहून घरंगळून जाईल. दुसरे पीस वाहनाच्या जुन्या इंजिन-तेलात बुडवून काढा आणि त्यावर थेंब टाका. तिसरे पीस असेच तेलात बुडवा, मग भांडी घासण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात तेल जाईपर्यंत धुवा, पण स्वच्छ पाण्याने खळबळू नका, तसेच वाळू द्या. त्यावर थेंब टाकला की तो पसरेल आणि पीस भिजेल. डोळ्यांना ते पीस अगदी स्वच्छ दिसते, तरीही भिजते! कारण साबणाचा अंश मागे राहिला आहे. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०·०७२ न्यूटन असतो, साबणाच्या पाण्यात तो निम्म्याच्या आसपास येतो. तेलाने फट रुंदावली होती, साबणाने पडदाच ढिला केला. आपल्या सूत्रातील दोन राशींपैकी कोणतीही बिघडली तरी पक्ष्याच्या नशिबी गारठाच. (प्रयोगानंतर हात स्वच्छ धुवायला विसरू नका. तेल गटारात ओतू नका.)

म्हणून पेंग्विनच्या आंघोळीत धुण्यापेक्षा खळबळण्याला अधिक महत्त्व आहे. आधी पिसांवर वनस्पतिजन्य तेलासारखे द्रव्य फवारतात आणि थोडा वेळ मुरू देतात. जाड तेल त्यात विरघळून सैल होते. फणसाचा चीक हाताला लागला की आपण खोबरेल चोळतो, त्यातलाच हा प्रकार. मग एकजण पक्षी धरतो, दुसरा कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा द्रव साबण घेऊन पिसांच्या दिशेने चोळतो. डोळ्यांभोवती आणि चोचीजवळ दात घासण्याचा मऊ ब्रश वापरतात. पाणी पक्ष्याच्या अंगाइतके, चाळीस अंशांच्या आसपास गरम ठेवतात, कारण त्याने तेलाची श्यानता कमी होते आणि भिजलेल्या पक्ष्याला थंडी वाजत नाही. शेवटी जोराच्या धारेखाली साबणाचा अंश न अंश घालवतात. पिसांवरून पाण्याचे मोती घरंगळू लागले की काम झाले. आपल्या प्रयोगातील पहिल्या पिसाची कसोटी तीच इथली कसोटी.

आणखी एक गोष्ट नव्या मदतनिसांना फार खटकते. तेलाने माखलेला पक्षी आणल्या आणल्या त्याला धूत नाहीत. पक्षी अशक्त असतो, शरीरातील पाणी कमी झालेले असते आणि माणसाने हाताळणे हाच त्याला मोठा धक्का असतो. आधी नळीने पाणी व क्षार देतात, पोटातील तेल शोषून घ्यायला कोळशाची पूड देतात, खाऊ घालतात, आणि अंगात ताकद आल्यावरच न्हाणीघरात नेतात. केपटाउनला कित्येक पक्ष्यांना आंघोळीसाठी काही आठवडे थांबावे लागले. काळ्याकुट्ट, केविलवाण्या पक्ष्याकडे पाहत स्वस्थ राहणे कठीण असते खरे!

आता थोडे अंकगणित करू. पेंग्विन समुद्रात जिवंत मासा पकडून खातो. बादलीतला मेलेला मासा त्याला अन्न वाटतच नाही. त्यामुळे प्रत्येक पक्ष्याला धरून, चोच उघडून, तारली मासा डोक्याकडून आत सरकवावा लागतो. उलटा घातला तर खवले आणि काटे घशात अडकतात. एका पक्ष्याला एका वेळी एकच मिनिट धरा, आणि दिवसातून दोन वेळा. १९,००० पक्ष्यांची रोज ३८,००० मिनिटे होतात, म्हणजे सुमारे ६३३ तास. एक माणूस सलग कामाचे सहा तास देऊ शकेल असे धरले तरी केवळ घास भरवायला शंभरावर माणसे रोज हवीत. दररोज पक्ष्यामागे अर्धा किलो मासे धरले तर रोजचे साडेनऊ टन. आंघोळीला दोन माणसे आणि एक तास धरा. साऱ्या पक्ष्यांचे ३८,००० मनुष्य-तास झाले. महिनाभरात संपवायचे तर रोज दोनशेहून अधिक माणसे. शिवाय विष्ठा काढणे, कुंपणे धुणे, मासे वितळवणे, टॉवेल धुणे, चहा करणे, हे सगळे वेगळेच. आपण धरलेले आकडे अंदाजाचे आहेत, पण कामाचा पसारा त्यांवरून कळतो. प्रत्यक्षात या मोहिमेत सुमारे १२,५०० स्वयंसेवकांनी काम केले.

त्यांतील बहुतेक सर्व केपटाउनचेच होते: गृहिणी, विद्यार्थी, दुकानदार, निवृत्त माणसे. समुद्री पक्ष्यांची शुश्रूषा करणारी सॅनकॉब ही संस्था १९६८ पासून तेथे काम करीत आहे, पण एवढे पक्षी तिच्या आवारात मावणे शक्य नव्हते. म्हणून सॉल्ट रिव्हर भागातील रेल्वेची एक प्रचंड शेड घेऊन तेथे लहान लहान कुंपणे उभारली. परदेशांतून आलेल्यांचे मुख्य काम या नवख्या हातांना शिकवण्याचे आणि त्यांच्यावर देखरेख करण्याचे होते. बोस्टनच्या न्यू इंग्लंड मत्स्यालयात पेंग्विनांची देखभाल करणाऱ्या डायन डीनापोली त्यांपैकी एक. या मोहिमेवरचे त्यांचे पुस्तक २०१० साली प्रसिद्ध झाले. पेंग्विनच्या चोचीची धार वस्तऱ्यासारखी असते. पहिल्या दिवशी प्रेमाने पुढे केलेले हात संध्याकाळी ओरखड्यांनी भरलेले असत, आणि हातमोजे असूनही!

या मोहिमेचा मला सर्वांत आवडलेला भाग आंघोळीचा नाही. बेटांवर तेल न लागलेले पेंग्विनही हजारोंनी होते. ते पाण्यात उतरले असते तर तेही माखले असते. त्यांना महिनाभर कोंडून भरवायचे तर आपले वरचे गणित दुप्पट झाले असते. मग युक्ती काढली. सुमारे १९,५०० स्वच्छ पक्षी पकडले, ट्रकने सुमारे ८०० किलोमीटर पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ नेले (शहराचे नाव २०२१ मध्ये बदलले) आणि तेथे समुद्रात सोडून दिले. पेंग्विन आपल्या बेटाकडे परततो, ही त्याची ओढ ठाऊक होती. तिघांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली होती. त्यांची नावे ठेवली पीटर, पामेला आणि पर्सी. वाटेत मासे खात, दिवसाला सरासरी चाळीस-पन्नास किलोमीटर पोहत पक्षी घराकडे निघाले. दरम्यान माणसांनी किनाऱ्यावरील तेल काढून घेतले. खाऊ घालण्याचे काम समुद्राने केले आणि लागणारा वेळ अंतराने मिळवून दिला.

ही हुशारी एकाएकी आलेली नव्हती. १९९४ च्या जून महिन्यात ‘अपोलो सी’ नावाचे जहाज डासेनजवळ बुडाले होते. तेव्हा सुमारे १०,००० पेंग्विन माखले आणि त्यांतील जेमतेम निम्मे वाचले. बरेचसे पक्षी वाहतुकीत दगावले. दाटीवाटीने भरलेल्या, हवा न खेळणाऱ्या गाड्यांत ते उकाड्याने गुदमरले. थंडीने मरणारा पक्षी गाडीत उकाड्याने मेला, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पण प्रत्येक पक्षी ही एक छोटी शेगडीच असते. शेकडो शेगड्या बंद पेटीत कोंडल्या आणि उष्णता बाहेर जायला वाट ठेवली नाही, तर दुसरे काय होणार? २००० साली पक्षी भोके पाडलेल्या खोक्यांतून नेले, आणि माखलेल्या पक्ष्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पुन्हा समुद्रात गेले. आईबापांविना राहिलेली तीन हजारांहून अधिक पिल्लेही हाताने वाढवावी लागली, ती वेगळी.

धुतलेला पक्षी पुढे जगतो का, हा प्रश्न उरतोच. उत्तर पक्ष्यागणिक बदलते. युरोपातील गिलेमॉट या समुद्रपक्ष्याच्या बाबतीत अनुभव निराशेचा आहे, धुऊन सोडलेले बरेच पक्षी लवकर मरतात. आफ्रिकी पेंग्विन मात्र चिवट निघाला. पंखाला धातूची पट्टी लावून सोडलेल्या पक्ष्यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले, तेव्हा ते न माखलेल्या पक्ष्यांच्या जवळपास तितकेच जगतात असे आढळले. पिल्ले वाढवण्यात ते थोडे मागे पडतात. आपल्याकडेही ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन तेल खारफुटीत शिरले होते, आणि पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येऊन पडतात. तेव्हा हे शास्त्र आपल्याला परके नाही.

तेलगळती रोज होत नाही, पण सॅनकॉबचे काम बारमाही चालते आणि तेथे आजही परदेशी स्वयंसेवक घेतात. वयाची अठरा वर्षे पूर्ण हवीत. प्रवासखर्च स्वतःचा, वर कार्यक्रमाचे शुल्क, आणि काही आठवडे राहण्याची तयारी लागते. वर्षाच्या शेवटी तेथे कामाची एक लाट येते. पेंग्विनची सारी पिसे एकदमच गळतात आणि नवी येईपर्यंत, सुमारे तीन आठवडे, तो पाण्यात उतरू शकत नाही. का, ते आता तुम्हीच सांगाल. तेव्हा उशिरा जन्मलेली पिल्ले उपाशी पडतात. ती आणून वाढवतात. त्यांच्याशी बोलू नका, कुरवाळू नका, अशी स्वयंसेवकांना ताकीद असते, कारण माणसाळलेले पिल्लू समुद्रात टिकत नाही.

त्याच देशात याच्या अगदी उलट प्रकारही चालत आला आहे. सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजण्यासाठी युरोप-अमेरिकेतील तरुण मुले भरपूर पैसे मोजून येत. छावे अनाथ आहेत आणि पुढे जंगलात जातील, असे त्यांना सांगितले जाई. पुष्कळ ठिकाणी ते छावे आईपासून मुद्दाम काढून घेतलेले असत. माणसाच्या हातांत वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. तो मोठा झाला की कुंपणात शिकाऱ्याच्या बंदुकीपुढे उभा केला जाई, नाहीतर त्याची हाडे विकली जात. हा व्यवसाय बंद करण्याचे धोरण दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले. म्हणून परदेशातील अशा कोणत्याही कामाला नाव देण्यापूर्वी पत्र लिहून एवढे अवश्य विचारावे: हे पिल्लू कुठून आले, आणि मोठे झाल्यावर कुठे जाणार? गेल्या वर्षी किती प्राणी सोडले, याचा आकडा चांगली संस्था लपवीत नाही. छायाचित्रात प्राणी मांडीवर घेतलेला दिसला, तर मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

पेंग्विनांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. तेलातून सुटलेल्या पक्ष्यांना समुद्रात मासेच कमी पडू लागले. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे तारली आणि अँचोव्ही (आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा). हे मासे पश्चिम किनाऱ्यावरून पूर्वेकडे सरकले, आणि उरलेल्यांवर मोठ्या जाळ्यांच्या बोटींचाही हक्क होता. पेंग्विन पिल्लांना सोडून फार दूर जाऊ शकत नाही. घरट्याजवळ मासे नसले तर जगात इतरत्र कितीही असून त्याला उपयोग नाही. २०२४ मध्ये आफ्रिकी पेंग्विनची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ जातींत झाली, कारण अंडी घालणाऱ्या जोड्या १०,००० च्या खाली आल्या होत्या. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने पेंग्विनांच्या सहा मोठ्या वसाहतींभोवती अशा बोटींना तारली आणि अँचोव्ही पकडण्यास दहा वर्षांची बंदी आली. त्या सहांत रॉबेन आणि डासेन ही दोन्ही बेटे आहेत.